आप्पा, पाणी नको

कॅलिफोर्नियात स्थानिक झाडांची विक्री असते, तिथं रोपाची किंमत सगळ्यात शेवटी सांगतात. आधी तुमची चौकशी होते. राहता कुठं? सॅन होजेला. सॅन होजेत कुठं, खाडीकडे की डोंगराकडे? डोंगराकडे. मग कोणत्या ओढ्याच्या खोऱ्यात? रुंद काठाची टोपी घातलेल्या सत्तरीच्या बाई टेबलामागे उभ्या होत्या. त्यांनी हा प्रश्न इतक्या सहज टाकला, की आता ‘कुणापैकी तुम्ही?’ असंही विचारतील असं मला वाटलं. आमच्या घराजवळून एक सिमेंटचा नाला जातो, पण त्यालाही खोरं असतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी ते समजुतीनं घेतलं आणि दोन रोपं पुढे केली. एक म्हणे याच डोंगरातल्या बियांपासून वाढवलेलं. दुसरं दक्षिणेकडचं, सांता बार्बराच्या बाजूचं. “तेही चांगलं आहे,” त्या म्हणाल्या, जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या, “पण लांबचं.” त्या एका शब्दात मला माझ्या सगळ्या मावश्या एकदम ऐकू आल्या.

मी मूळची फलटणची. त्यामुळे सांता बार्बराला लांबचं म्हणायची माझी छाती होईना. पण घेतलं जवळचंच.

रोप होतं चॅपरल करंटचं. शास्त्रीय नाव रायबीझ माल्व्हेसियम. आपल्याकडे आइस्क्रीममधून ओळखीचं झालेलं ब्लॅक करंट हे याचं युरोपातलं चुलत घराणं. आमचं झुडूप कॅलिफोर्नियाच्या आणि खालच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवरचं; कधी ओकच्या आडोशाला, कधी काटक झुडपांच्या रानात वाढणारं. पुरुषभर होतं, जागा मानवली तर त्याच्याही वर जातं. काटे नाहीत. याच कुळातल्या गूसबेरीला असतात, तेव्हा ओरखडा उठला की ती गूसबेरी, अशी ओळखायची सोपी पद्धत आहे. पान भेंडी-अंबाडीच्या कुळाची आठवण देणारं, खडबडीत, बोटाला किंचित चिकटणारं. चुरगळलं की राळेचा वास येतो, आणि तो हात धुतल्यावरही जात नाही.

इथला पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतचा. मे ते सप्टेंबर आभाळ जवळजवळ संपावर असतं. त्यावर या झुडपानं काढलेला तोडगा असा, की बाकीची झाडं थंडीत पानं टाकून झोपतात, तर हे उन्हाळ्यात झोपतं. जूनच्या मागंपुढं पानं तपकिरी होऊन गळायला लागतात आणि ऑगस्टपर्यंत अंगावर फक्त काटक्या उरतात. पहिला पाऊस पडला की जाग येते आणि ऐन थंडीत गुलाबी फुलांचे घोस लटकायला लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठानं बागेतल्या हजारो झाडांची त्यांच्या तहानेप्रमाणे वर्गवारी केली आहे, त्यात हे कमी पाणीवाल्यांत बसतं.

आता या झुडपापर्यंत मी पोहोचले कशी, तर लॉनमुळे. अमेरिकन घरापुढचं लॉन ही एक अजब शेती आहे. आधी पाणी पाजायचं, खत घालायचं, वाढलं की दर आठवड्याला कापायचं आणि कापलेलं सगळं हिरव्या डब्यात भरून कचऱ्याच्या गाडीला द्यायचं. दारात ना म्हैस ना शेळी. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ असा दुष्काळ पडला तेव्हा या शेतीचे हाल सुरू झाले. १ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राऊन सिएरा नेवाडाच्या डोंगरात बर्फ मोजायला गेले. एरवी त्या दिवसात तिथं पुरुषभर बर्फ असतं. ते उभे राहिले वाळक्या गवतावर. तिथूनच त्यांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्के कमी करण्याचा हुकूम काढला, आणि गव्हर्नरांचं आडनावच ब्राऊन असल्यामुळे राज्यभरातल्या लॉन्सनी तो शब्दशः मनावर घेतला. काही लोकांना मात्र दारातलं तपकिरी गवत बघवेना. त्यांनी माणसं बोलावून वाळक्या लॉनला हिरवा रंग फवारून घेतला. हा धंदा तेव्हा जोरात चालला, थट्टा नाही. सोसायट्यांचं वेगळंच. त्यांच्या नियमात लॉन हिरवं असणं बंधनकारक आणि सरकारच्या नियमात पाणी घालणं निषिद्ध. शेवटी दुष्काळ जाहीर असताना गवत वाळलं म्हणून सोसायटीला दंड करता येणार नाही, असा कायदाच २०१४ साली करावा लागला.

पुढचा दुष्काळ आला तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो, म्हणजे नवरा झाला होता. त्यानं शोधून काढलं, की लॉन उपटून तिथं कमी पाण्याची झाडं लावली तर पाणीपुरवठावाले चौरस फुटामागे पैसे देतात. अट एवढीच, की मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत गवताच्या काडीलाही हात लावायचा नाही. अर्जाबरोबर नकाशा, मोजमाप, फोटो आणि लावायच्या झाडांची यादी. फोनवर हे सगळं आप्पांना सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ शांतता.

आप्पा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. अख्खी नोकरी नीरा उजव्या कालव्यावर, फलटण ते माळशिरस. शेतकऱ्यानं सात नंबरचा अर्ज भरायचा, मग पाळी लागायची, मग आवर्तन सुटायचं आणि मग पाणी शेतात. वरचे शेतकरी रात्री दार उचलून पाणी फोडायचे, ते सोडून. त्या माणसाला मी सांगत होते, की इथं पाणी नको म्हणून अर्ज करावा लागतो.

“आणि पाणी न घेतल्याबद्दल पैसे देतात?” आप्पांनी विचारलं.

“हो.”

“कुणाला सांगू नको इकडं,” ते म्हणाले.

मंजुरी आली, लॉन गेलं, आणि पानगळीच्या दिवसांत मी रोप लावायला घेतलं. टोपीवाल्या बाईंच्या सूचना एकूण एक नकारार्थी होत्या. खड्ड्यात खत घालू नका. माती बदलू नका. सॅन होजेची माती काळी, चिकट, ओली असताना बुटाला सोडत नाही आणि वाळली की कुदळीला दाद देत नाही, तिच्यातच लावा. बुंध्याभोवती आळं करू नका, उलट रोप जमिनीपेक्षा बोटभर उंच बसवा. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण बुंध्याला टेकू देऊ नका. सकाळचं ऊन लागू द्या, दुपारचं टाळा. आमच्या घराण्यात झाड लावणं म्हणजे गुडघाभर खड्डा, त्यात शेणखत, वर ऐसपैस आळं आणि आळ्यात तुडुंब पाणी. शेणखत इथं दुकानात मिळतं, छान प्लास्टिकच्या पिशवीत, वर बैलाचं चित्र. नवऱ्यानं दोन पिशव्या आणूनही ठेवल्या होत्या. त्या गॅरेजमध्ये पडून राहिल्या.

मग पहिलं वर्षभर मी त्या झुडपाला पाणी पाजलं. दुष्काळ सोसणारं झाड म्हणून घ्यावं, तर ते जन्मतः काही सोसत नाही. आधी वर्ष-दोन वर्षं आठवड्या-पंधरवड्यानं खोलवर पाणी देऊन त्याची मुळं खाली उतरवावी लागतात. ती उतरली की मग हात आखडायचा. खरी गंमत तिथून पुढे. उन्हाळ्यात हे झुडूप झोपलेलं असताना त्याला भरपूर पाणी मिळालं, की तापलेल्या ओल्या मातीत मुळं कुजवणारे रोग माजतात आणि झाड जातं. म्हणजे पाण्यावाचून ते जगतं आणि आपण दया दाखवली की मरतं. झाडाला पाणी न पिता राहणं जमलेलं आहे. पाणी न घालता राहणं आपल्याला अजून जमलेलं नाही. त्यातून माणूस कोरडवाहू भागातला असेल तर विचारूच नका.

अमेरिकेत येणाऱ्या मराठी आईवडिलांचा एक हंगाम असतो. एप्रिल-मेमध्ये यायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरात गौरी-गणपतीच्या नाहीतर दिवाळीच्या हिशेबानं परतायचं. तिकडचा उन्हाळा चुकतो, इकडे नातवंडांना सुट्टी असते आणि व्हिसावर मिळणारे सहा महिनेही पुरतात. या हंगामात इथं गुलाब असतात, चेरी असतात, सफरचंदं धरायला लागतात. फक्त एक झाड या हंगामात पानं टाकून झोपतं, आणि ते मी दारात लावलेलं होतं.

आप्पा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे कानटोपी घालून बागेच्या पाहणीला निघाले. जून लागला होता. परत आले ते थेट स्वयंपाकघरात.

“काय गं, ते कोपऱ्यातलं झाड गेलं की.”

“गेलं नाही आप्पा, झोपलंय.”

“झाड झोपतं?”

“उन्हाळ्यात झोपतं. पावसाळ्यात उठेल.”

आप्पांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. खाली बसून एका काटकीला नखानं खरवडलं. सालीखाली ओलसर हिरवी रेघ दिसली. “हिरवं आहे,” ते म्हणाले, “जीव आहे यात. पाणी मागतंय.”

“मागत नाही आप्पा. त्याला नकोय.”

“टेलच्या शेतकऱ्यानं कधी तोंड उघडून मागितलं नाही,” आप्पा म्हणाले, “म्हणून काय त्याला नको होतं?”

यावर मी काय बोलणार? कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाची बाजू घेण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना माझ्या पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यात एक टेलचा शेतकरी सापडला होता. ठिबकच्या सगळ्या नळ्या त्यांनी डोळ्यांनी तपासल्या. टोमॅटोला नळी, लिंबाला नळी, कोपऱ्यातल्या या बापड्याची नळी मात्र मी दुमडून तारेनं बांधलेली. आप्पांनी ती तार बघितली आणि माझ्याकडे बघितलं. पाणी फोडणाऱ्यांकडे ते असंच बघत असणार.

त्या दिवसापासून नळीची तार रोज सकाळी सुटलेली आणि दुपारी मी परत बांधलेली, असं चाललं. आप्पांचं नाव घेण्यात अर्थ नव्हता, ते सरळ म्हणायचे, “वाऱ्यानं सुटली असेल.” आईची पद्धत वेगळी. एकदा मी खिडकीतून बघते तर ती स्टीलचं पातेलं पदराआड धरून कोपऱ्याकडे निघालेली.

“आई! पाणी घालू नकोस म्हणून सांगितलंय ना?”

“पाणी कुठं घालतेय? तांदळाचं धुवण आहे.”

आईचं माहेर माण तालुक्यातलं. पाऊस तिकडे यायचा म्हणून येतो. बहात्तरच्या दुष्काळात ती शाळकरी पोर होती. सुकडी तिनं खाल्लेली आहे, आणि रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो आली होती, तिच्या भाकरीचं नाव काढलं की अजून तिचा चेहरा वाकडा होतो. मी तिला मुळं कुजण्याचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ती मिलो गळ्याखाली उतरत नव्हती हे खरं. पण पाठवली तर होती ना यांनी? आणि आता यांच्या झाडाला मी उपाशी ठेवू?”

आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतका चोख हिशेब मी दुसरीकडे कुठं ऐकलेला नाही.

आप्पांना मात्र इथल्या दुष्काळाविषयीच शंका होती. शेजारी उजवीकडे पोहायचा तलाव, डावीकडे गरम पाण्याचं टाकं, आणि दुष्काळ. त्यांच्या दुष्काळात टँकर असतो, चारा छावणी असते. ‘स्थानिक झाडंच लावायची, ती बिनपाण्याची येतात’ हे माझं पालुपद ऐकून त्यांनी एकदा विचारलं, “मग काँग्रेस गवत लाव की. ते तुमच्या अमेरिकेतलंच ना? गव्हाबरोबर आमच्याकडं आलं म्हणतात. पन्नाशीच्या दशकात पुण्यात दिसलं, आता राज्यभर आहे. कुणी थेंब पाणी घालत नाही.”

“ते इथलं नाही आप्पा. टेक्सास-मेक्सिकोच्या बाजूचं.”

“म्हणजे लांबचं,” आप्पा म्हणाले.

टोपीवाल्या बाईंशी त्यांची गाठ घालून द्यायला हवी होती.

पाहुण्यांना योसेमिटी दाखवणं हा आमच्याकडचा कुळाचार आहे, तेव्हा तोही झाला. तिथल्या जंगलात शुगर पाइनची सुळक्यासारखी झाडं आहेत. त्यांचं शंकूफळ हातभर लांब असतं. सूचिपर्णी झाडांत याहून लांब कुणाचंच नसतं. एक फळ वाटेवर पडलं होतं, आप्पा ते निरखत होते. मी म्हटलं, या झाडांपायी आपल्या झुडपावर एकेकाळी सरकारनं वॉरंट काढलं होतं. आप्पांनी मान वर केली. सरकार म्हटलं की त्यांचं लक्ष लागतं.

गोष्ट खरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पाइनच्या रोपांची मागणी वाढली, आणि युरोपातल्या रोपवाटिकांत ती स्वस्तात वाढवून मिळत होती. म्हणून अमेरिकेचंच पाइन जर्मनीत वाढवून परत आणायला लागले. आज आमच्या खाडीकाठी ज्याला आउटसोर्सिंग म्हणतात, तेच. त्या रोपांबरोबर तांबेऱ्याची एक बुरशी आली. मूळची आशियातली. ती एका पाइनवरून दुसऱ्या पाइनवर थेट जाऊ शकत नाही. मध्ये तिला करंट किंवा गूसबेरीच्या पानावर मुक्काम करावा लागतो. झालं, सरकारनं ठरवलं की मुक्कामाची जागाच उडवायची. करंटच्या लागवडीवर बंदी आली, तांबेऱ्यासाठी वेगळं कार्यालय निघालं, आणि रानातली झुडपं उपटायला माणसं लावली. १९३३ नंतर मंदीतल्या बेकार पोरांची जी सरकारी पलटण उभी राहिली, तिलाही हे काम मिळालं. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ परस्पर घरी पाठवायचे.

“रोजगार हमी!” आप्पा एकदम खुलले. बहात्तरला ते स्वतः खडी फोडायला गेले होते, मस्टरवर त्यांचं नाव होतं. “म्हणजे आम्ही दगड फोडायचो आणि यांनी झुडपं उपटली. हजेरी कोण घ्यायचं?”

ते मला ठाऊक नव्हतं. मी पुढची गोष्ट सांगितली. कोट्यवधी झुडपं उपटली, पण कुठंतरी खडकाच्या फटीत एखादं राहायचं आणि मुळाच्या तुकड्यातूनही नवं फुटायचं. बुरशी पसरतच गेली. शेवटी सरकार थकलं. १९६६ साली केंद्राची बंदी उठली, काही राज्यांत थोडी बंधनं राहिली, आणि झुडपं पुन्हा राजरोस विकायला लागली.

आप्पांनी बराच विचार केला. झुडपाचं काय झालं, पाइनचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. “खातं बंद झालं,” ते म्हणाले, “मग माणसं कुठं वर्ग केली?”

या घराण्याचं नशीब तसं गमतीचंच आहे. आमच्या झुडपाचा एक सख्खा भाऊ आहे, लाल फुलांचा, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचा. डेव्हिड डग्लस नावाच्या स्कॉटिश माणसानं त्याचं बी १८२० च्या दशकात लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीला पाठवलं. तिकडे त्याच्यावर उड्या पडल्या. अजून इंग्लंडातल्या घराघरापुढे ते वसंतात फुलतं. त्याच्या पानांना बोक्याच्या मुताचा वास येतो अशी तक्रार तिकडचे लोक दरवर्षी करतात, आणि दरवर्षी लावतात.

सप्टेंबरात आईआप्पा परत गेले. जाताना आप्पा कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. झुडपावर तोवर एकही पान नव्हतं. “जमलं तर थोडं थोडं देत जा,” एवढंच म्हणाले. त्या हिवाळ्यात, म्हणजे २०२२ च्या अखेरीला, कॅलिफोर्नियात जो पाऊस लागला तो मार्चपर्यंत उघडला नाही. आभाळातून एकामागून एक नद्याच येत होत्या. रस्ते बुडाले, दरडी कोसळल्या, आमच्या नाल्यालाही खोरं असतं हे मला चांगलंच समजलं. ज्यांनी दुष्काळ सोसणारी झाडं लावली होती ते सगळे खिडकीत बसून पाऊस बघत होते.

आणि झुडूप उठलं. काटक्यांवर आधी सुरकुतलेले कोंभ आले, त्यातून लव असलेली पानं, आणि पानं पुरती उघडायच्या आत गुलाबी घोस. एका घोसात वीसेक फुलं. फूल नखाएवढं, बाहेरून गडद गुलाबी, आतून जवळजवळ पांढरं, उघडतं ते देठाकडून टोकाकडे. या फुलांवर अ‍ॅना जातीचा हमिंगबर्ड येतो. तो इथं बारमाही असतो, आणि थंडीत बाकी बागांत त्याला खायला फारसं काही नसतं. वजन चार-पाच ग्रॅम. गळा एरवी काळपट, पण मान वळवली की झगझगीत किरमिजी होतो. आमच्या झुडपावर एका नरानं मालकी सांगितली होती. दुसरा आला की हा त्याला कुंपणापार हुसकायचा, परत येऊन वरच्या फांदीवर बसायचा आणि गंजलेली बिजागरी वाजावी तसा आवाज काढून सगळ्यांना बजावायचा. मी खुर्ची टाकून दोन हातांवर बसले तरी त्याला फरक पडत नव्हता. मी पाण्याची वाटेकरी नाही हे त्याला कळलं होतं.

फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. मावशीनं सुप्रभात आणि हात जोडलेले पाठवले. आप्पांचं उत्तर रात्री आलं, “फोटो छान. कुठल्या बागेतला?”

मग व्हिडिओ कॉल केला. इथं सकाळ, तिथं रात्रीची जेवणं झालेली. मी फोन घेऊन झुडपाभोवती फिरले. आप्पांना आधी माझा अंगठा दिसला, मग आभाळ, मग पानं. घोस दिसले तेव्हा त्यांनी आईला हाक मारली. दोघांची डोकी पडद्यावर एकमेकांना ढकलत होती.

“पाणी घातलंस ना शेवटी?” आप्पांनी विचारलं.

“नाही. पाऊस पडला.”

“म्हणजे घातलं.”

पुढच्या वेळी ते मेमध्येच आले, पानं गळायच्या आत. झुडपावर फळं धरली होती. करंटचं हे फळ वाटाण्याएवढं, जांभळं, वर पांढुरकी भुकटी आणि अंगावर बारीक केस. खाता येतं, एवढंच त्याच्याविषयी म्हणता येईल. बियाच फार, गर बेताचा, गोडी असलीच तर आपण शोधायची. कुळातलं खाण्याजोगं फळ गोल्डन करंटचं. ते सुकवून मांसात कुटून इथले मूळचे लोक प्रवासात न्यायचे. आमच्या झुडपाची फळं बहुतेक पक्ष्यांनीच संपवली होती. उरलेली आईनं वाटीत घेतली, मुरांबा होतो का म्हणून चाखून बघितली आणि वाटी आप्पांकडे सरकवली.

“करवंदाची सर नाही,” आप्पा म्हणाले.

मला हवं तेच हाती आलं. म्हटलं, “आप्पा, आपल्या डोंगरात करवंदाच्या जाळ्या असतात, त्यांना पाणी कोण घालतं?”

“कोण घालणार? कुणी नाही.”

“ऐन उन्हाळ्यात येतात ना तरी?”

“येतात.”

“मग?”

आप्पांनी वाटीतली उरलेली फळं संपवली. घाई केली नाही. “करवंद डोंगरातलं आहे,” ते म्हणाले, “आणि हे दारातलं. डोंगरातल्याला नाही दिलं तर कुणी काही म्हणत नाही. दारातल्या झाडाला पाणी घातलं नाही तर लोक काय म्हणतील?”

लोक म्हणजे उजवीकडचे चिनी आजोबा आणि डावीकडचं एक तरुण जोडपं, जे घरी कधी असतं हे कुणालाच माहीत नाही. पण आप्पांच्या हिशेबात लोक हे असतातच, त्यांना नावं नसतात.

या घरात पाणी घालायची हौस फिटावी अशी जागा एकच आहे, कढीपत्त्याची कुंडी. अमेरिकेतल्या मराठी घरात कढीपत्त्याचे जे लाड होतात ते पोरांचे होत नाहीत. थंडीत त्याला जुनं पांघरूण गुंडाळतो, नाताळच्या दिव्यांची माळ सोडून रात्रभर ऊब देतो, पानं पिवळी पडली की चार मैत्रिणींचा सल्ला घेतो. वर त्यात भानगड अशी, की लिंबू-संत्र्यांची वाट लावणारा एक किडा कढीपत्त्यावरही पोसतो, म्हणून जिथं बंदी असते तिथून रोप इकडून तिकडे नेणंसुद्धा गुन्हा. कढीपत्ता मात्र पाणी मागतो, खत मागतो, ऊन मागतो आणि तरीही रुसतो. आप्पांना असा लाभधारक समजतो.

म्हणून तडजोड झाली ती अशी. आप्पांनी माझ्या मुलाच्या वहीतला कागद फाडून त्यावर पट्टीनं रेघा मारल्या, वर ‘उन्हाळी आवर्तन’ असं लिहिलं आणि तो कागद फ्रिजवर लोहचुंबकानं लावला. लिंबू, आठवड्यातून एकदा. टोमॅटो, एक दिवसाआड. करंट, महिन्यातून एकदा, थंड दिवस बघून, पहाटे, आणि तेही बुंध्यापासून हातभर लांब. यावर दीड दिवस वाटाघाटी झाल्या होत्या; मी शून्यावर होते, ते चारवर. उरलेलं सगळं पाणी कढीपत्त्याला. खाली सही, आणि सहीखाली सवयीनं ‘कालवा निरीक्षक’.

आईनं चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. “बरोबर आहे,” ती म्हणाली, “धुवण यात धरलेलं नाही,” आणि तांदूळ धुवायला घेतले.